एक्सपोर्ट केल्यावर व्हिडिओचे रंग फिके का पडायलेत?

गोदाकाठचा (परभणी)

नमस्कार मंडळी. लग्नाच्या मिक्सिंगची कामं करतो. सेलू, मानवत, जिंतूरकडचे शूटिंगवाले कार्ड आणून देतात, मी फिल्म अन् रील बनवून पेनड्राईव्हमध्ये देतो. एडिटिंगला बरीच वर्षं एडियस सॉफ्टवेअरवर होतो, आता दाविंची रिझॉल्व्हवर आलोय.

अडचण अशी आहे. टाइमलाईनवर रंग एकदम टकाटक. हळदीचा पिवळा घट्ट, शालू लालभडक, नवरदेवाचा कोट काळाभोर. एच.२६४ मध्ये एमपी४ काढली अन् त्याच कॉम्प्युटरवर, त्याच मॉनिटरवर प्लेअरमध्ये लावली की सगळं पाणी घालून वाढवलेल्या वरणासारखं दिसायलंय. कोट राखाडी, हळद फिकट, मांडवाच्या झिरमिळ्या तर विटलेल्याच.

गंमत म्हणजे हीच फाईल यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून अँड्रॉइड फोनवर बघितली तर बरी दिसते. नवरीचा भाऊ पुण्याला आहे, त्यानं मॅकवर क्विकटाईममध्ये लावली तर त्याच्याकडंही फिकी. आणि करवल्यांनी आयफोनवर काढलेले काही शॉट आहेत, ते तर टाइमलाईनवरच मेलेले दिसतात, एक्सपोर्टचा संबंधच नाही.

बिटरेट वाढवला, एच.२६५ करून बघितलं, ढिम्म फरक नाही. तिथी जवळ आल्यात, पार्टीचे फोनवर फोन चालू आहेत. कुणाला काही कळायलंय का?


नुसता_वाचक

वाचतोय. माझीही हीच बोंब आहे.


जालना_ड्रोन

सोपंय की. पार्टीला सांगायचं, 'हा सिनेमॅटिक लूक आहे', अन् पाच हजार वाढवून घ्यायचे. ह. घ्या.


मिक्सिंगवाले_मामा (लातूर)

पोरांनो, एवढं काय डोकं लावायलाव. एक्सपोर्टच्या आधी सॅच्युरेशन थोडं चढवा, कॉन्ट्रास्ट थोडा चढवा, विषय संपला. आम्ही कॅसेटच्या काळापासून हेच करतो. तेव्हा मास्टरवरून कॉपी मारली की रंग उतरायचे, कॉपीवरून कॉपी मारली की अजून उतरायचे. म्हणून मास्टरच भडक ठेवायचो. पार्टीला भडकच आवडतं, हे पुण्यामुंबईचं फिकं कौतुक इकडं चालत नाही.


रंगसंगती (मूळ अंबाजोगाई, सध्या पुणे)

मामा, नमस्कार. आपण सीनियर आहात, पण सॅच्युरेशन चढवायला माझा विरोध नोंदवतो. कॅसेटमध्ये कॉपी करताना सिग्नल खरोखर खराब व्हायचा. इथं फाईल खराब झालीय की नाही हेच अजून माहीत नाही.

गोदाकाठचा, तुम्ही एका धाग्यात तीन वेगळ्या भानगडी सांगितल्यात. त्या आधी सुट्या करू.

तुमच्या कॉम्प्युटरवरची भानगड मला रेंजची वाटते. व्हिडिओच्या फाईलमध्ये, ८ बिटात, काळा ० वर नसतो. तो १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरच्या पडद्याचा काळा मात्र ० आणि पांढरा २५५. म्हणजे दाखवताना कुणीतरी १६ चा ० आणि २३५ चा २५५ करून ताणायचं असतं. हे काम प्लेअर करतो नाहीतर ग्राफिक कार्ड करतं. कुणीच केलं नाही तर काळा १६ वरच राहतो, म्हणजे राखाडी. पांढरा ९२ टक्क्यांवर अडकतो. २५५ पायऱ्यांत पसरायला हवं ते चित्र २१९ पायऱ्यांत आखडून बसतं. डोळ्याला वाटतं रंग गेले, पण मुळात काळा वर उचलला गेलेला असतो. उलटंही होतं. ताणलेलं परत ताणलं की कोटाच्या घड्या बुडतात, केसांचा नुसता काळा गोळा होतो.

म्हणून अशा वेळी हळदीकडं आणि शालूकडं बघू नका, काळ्याकडं बघा. काळाच राखाडी झाला असेल तर रेंज. काळा काळाच आहे, पांढरा पांढराच आहे, फक्त मधले टोन म्हणजे चेहरे, भिंती, पोकळ आणि उजळ वाटतायत, तर गॅमा, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांतून मधल्या टोनचा उजेड किती धरायचा त्याचं माप. मॅकवाल्या भावाची केस या दुसऱ्या जातीची असणार. त्याला फोन करून एवढंच विचारा की कोट काळा दिसतो का राखाडी.

आयफोनच्या शॉटचं तिसरंच, त्यावर सावकाश लिहितो.

सॅच्युरेशन चढवलं की काळा आहे तिथंच राखाडी राहतो, हळद लावलेलं तोंड नारिंगी होतं आणि ज्याच्या घरचा टीव्ही व्यवस्थित आहे त्याच्याकडं शालू नुसता फुटतो. फिका व्हिडिओ दुरुस्त झाला असं वाटतं, पण तो फक्त तुमच्या एका प्लेअरपुरता.

तपासायचं असं. तयार एमपी४ परत प्रोजेक्टमध्ये आणा, मूळ टाइमलाईनच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा, वेव्हफॉर्म स्कोप (चित्राच्या उजेडाचा आलेख) उघडा आणि वरचा ट्रॅक चालू-बंद करत राहा. रेघ जागची हलली नाही तर फाईल ठणठणीत आहे. कोटाची रेघ तळापासून वर तरंगायला लागली तर एक्सपोर्टमध्ये घोळ आहे. मग डिलिव्हर पेजवर ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये डेटा लेव्हल्स बघा. तिथं ऑटो, व्हिडिओ आणि फुल असे पर्याय असतात. एच.२६४ साठी ऑटो किंवा व्हिडिओ.


तिरपागडा

मला वाटतं मॉनिटरचा लोचा आहे. मी टीव्हीलाच मॉनिटर म्हणून वापरतो, एचडीएमआयनं. ग्राफिक कार्ड त्याला टीव्ही समजून १६-२३५ पाठवत होतं आणि टीव्ही ०-२५५ समजून दाखवत होता. सगळं भुरकट. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल नावाचं सेटिंग असतं, ते बदललं आणि लख्ख झालं.


दख्खनी_मिरची (छत्रपती संभाजीनगर)

तिरपागडा, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण इथं लागू नाही. पूर्ण पडदाच भुरकट झाला असता तर दाविंचीतली खिडकीही भुरकट दिसली असती, डेस्कटॉपचा वॉलपेपरही. धागाकर्ते म्हणतायत त्याच मॉनिटरवर टाइमलाईन छान आणि फक्त प्लेअर फिका.

म्हणजे बिघाड प्लेअर आणि मॉनिटर यांच्या मधे कुठंतरी. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये दोन ठिकाणी डायनॅमिक रेंज लिहिलेलं सापडेल. एक 'चेंज रिझोल्यूशन'मध्ये, ते सगळ्या पडद्यासाठी. दुसरं 'ॲडजस्ट व्हिडिओ कलर सेटिंग्ज'मध्ये, ॲडव्हान्स्ड टॅबखाली, ते फक्त व्हिडिओसाठी. तुम्हाला हे दुसरं हवंय. तिथं 'लिमिटेड १६-२३५' असेल तर 'फुल ०-२५५' करा. एडिटिंग सॉफ्टवेअर आपलं चित्र स्वतः रंगवतं म्हणून त्याच्यावर याचा परिणाम होत नाही, प्लेअरवर होतो. लोक वर्षानुवर्षं एक्सपोर्टला शिव्या घालत बसतात अन् चावी इथं असते.

ते बदलताना आधी 'विथ द एनव्हीडिया सेटिंग्ज' निवडावं लागतं, नाहीतर प्लेअर आपलंच खरं करतो.


नुसता_वाचक

मिरची मॅडम, माझ्याकडं एनव्हीडिया नाही. लॅपटॉपचं आतलंच ग्राफिक्स आहे.


दख्खनी_मिरची

मॅडम नाही हो, सर. मिरचीला लिंग लावू नका. :)

आतल्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्येही व्हिडिओचं वेगळं पान असतं, तिथं शोधा. आणि एकदा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर (जास्त उजेड आणि जास्त रंग दाखवायची पद्धत) चालू राहिलंय का तेही बघा. साध्या पॅनेलवर ते चालू असलं की साधा व्हिडिओ मरगळलेला दिसतो.


भौतिकीच्या_बाई (उदगीर)

माझा प्रश्न लग्नाचा नाही, पण धागा अगदी वेळेवर आला. मी बारावीच्या मुलांसाठी तास रेकॉर्ड करते. हँडीकॅम एचडीएमआय कॅप्चर कार्डाला जोडलाय आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेते. माझा हिरवा फळा राखेसारखा दिसतो आणि खडूचं पांढरं त्यात मिसळून जातं. मागच्या बाकावरच्या मुलांनी तक्रार करावी तर ठीक, इथं प्रत्येकजण फोन डोळ्यापुढं धरून बघतोय तरी वाचता येईना म्हणतायत.

आणि एक शुद्ध कुतूहल. १६ च का? ० पासून सुरू करायला काय हरकत होती?


रंगसंगती

बाई, तुमचं आधी. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या सोर्सवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, खाली कलर रेंज असतं. हँडीकॅम बहुतेक लिमिटेड देतोय आणि ओबीएस त्याला फुल समजतंय. लिमिटेड करा (जुन्या आवृत्तीत पार्शल लिहिलेलं असतं). मुख्य सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्येही एक कलर रेंज आहे, ते रेकॉर्डिंगचं. ते लिमिटेडच राहू द्या, कारण फुलचा टॅग, म्हणजे फाईलवरची रेंजची चिठ्ठी, सगळे फोन पाळतीलच असं नाही.

आता १६ च का. डिजिटल व्हिडिओचा पाया १९८२ साली घातला गेला, त्या शिफारशीला आज बीटी.६०१ म्हणतात. तेव्हा सगळा माल ॲनालॉग कॅमेऱ्यातून यायचा. ॲनालॉग सिग्नल काही शिस्तीत ० ते १०० मध्ये राहत नाही, कडेला थोडा वर-खाली उसळतो. काळा बरोब्बर ० वर ठेवला असता तर खाली उसळणारा भाग कापला गेला असता. म्हणून खाली १६ आणि वर २० पायऱ्या मोकळ्या सोडल्या. रंगाच्या दोन वाहिन्यांना १६ ते २४० दिलं. एचडीसाठी बीटी.७०९ आलं तेव्हाही ही व्यवस्था तशीच ठेवली. गरज कमी झाली तरी तोवर सगळी यंत्रं त्याच मापानं बनली होती.


भौतिकीच्या_बाई

केलं. फळा हिरवा झाला! मुलांना सांगितलं तर एकजण म्हणाला, 'बाई, आता तुमचं अक्षरही दिसायलंय.' याला शाबासकी म्हणावी का टोमणा, विचार करतेय.

१६ ची गोष्ट वर्गात सांगणार. सिग्नल आणि नॉईजच्या धड्याला छान उदाहरण आहे.


मिक्सिंगवाले_मामा

बाईंचं काम झालं, आनंद आहे. रंगसंगती सर, तुमचं म्हणणं पटलं असं नाही, पण एक विचारतो. माझ्याकडं एका शूटिंगवाल्याचा कॅनन ५५०डी अजून चालू आहे. त्याच्या क्लिप एडियसमध्ये ठीक, दुसरीकडं टाकल्या की सावल्या पार बुडतात. फिकं नाही, उलटंच. हे काय?


रंगसंगती

मामा, हा त्याच नाण्याचा उलटा छाप. त्या पिढीतले कॅननचे डीएसएलआर फुल रेंजमध्ये रेकॉर्ड करतात आणि रंगाचं गणित मात्र जुन्या ६०१ चं वापरतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं टॅग वाचला नाही तर ते ०-२५५ ला १६-२३५ समजून परत ताणतं. दाविंचीत क्लिपवर उजवी क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, डेटा लेव्हल्स फुल करा. बुडालेल्या सावल्या वर येतील.


मिक्सिंगवाले_मामा

आल्या वर. मुंडावळ्यांच्या मागचं कपाळ दिसायलंय आता. बरं, तेवढं मान्य.


चिंचेचं_बोटूक (हिंगोली)

माझंही एक गाऱ्हाणं घ्या. बहिणीच्या लग्नात मी पैठणी नेसले होते. फोटोत काठावरचे मोर एक-एक सुटा दिसतो, व्हिडिओत मात्र लाल पदरावर नुसता जरीचा चिखल. शूटिंगवाला म्हणतो कॅमेरा ४के आहे. मग मोर गेले कुठं?


दख्खनी_मिरची

मोर ४:२:० नं खाल्ले, ताई. व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी ठेवतात, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. आपला डोळा उजेडाच्या कडा बारकाईनं बघतो, रंगाच्या कडा तेवढ्या नाही, म्हणून ही काटकसर खपून जाते. पण भडक लालावर बारीक सोनेरी नक्षी आली की उघडी पडते, कारण लालाचा स्वतःचा उजेड कमी असतो आणि कड दाखवायचं काम रंगावरच येऊन पडतं. त्यात वरून कमी बिटरेट. त्यामुळं ४के असूनही तुमच्या मोरांना रंगाच्या बाबतीत निम्मंच रिझोल्यूशन मिळालं, आडवं आणि उभं दोन्हीकडून.

हे फिकेपण नव्हे, वेगळा विषय आहे. यावर उपाय शूटिंगच्या वेळीच: काठाचा क्लोजअप घ्यायला सांगायचं.


चिंचेचं_बोटूक

म्हणजे पैठणीवाल्यानं महिनोन् महिने विणायचं अन् कॅमेऱ्यानं चारात एक मोर ठेवायचा. बरंय.


जालना_ड्रोन

ड्रोनमधून तर अख्खी पैठणीच एका ठिपक्यात येते, ताई. आम्ही तक्रारच ठेवत नाही.


गोदाकाठचा

मंडळी, आज दुकान बंद केल्यावर बसलो होतो. अहवाल देतो.

फाईल परत टाइमलाईनवर आणली. वरचा ट्रॅक चालू-बंद केला तर वेव्हफॉर्मची रेघ जरासुद्धा हलली नाही. म्हणजे रंगसंगती सरांच्या हिशेबानं फाईल ठणठणीत.

मिरची सरांनी सांगितलेलं पान उघडलं. हे कॉम्प्युटर मी एका स्टुडिओवाल्याकडून जुनं घेतलं होतं, त्यानं व्हिडिओच्या रेंजला लिमिटेड करून ठेवलेलं निघालं. कशासाठी, देवाला माहीत. फुल केलं आणि प्लेअर उघडला तर कोट काळा, हळद हळदीसारखी.

नवरीच्या भावाला फोन केला. तो म्हणतो कोट काळाच आहे, फक्त सगळ्यांची तोंडं पावडर लावल्यासारखी दिसायलीत. म्हणजे गॅमा? आता त्याचं काय करू?


दख्खनी_मिरची

अभिनंदन. पण रंगसंगतींच्या तपासणीत एक फट आहे, ती बुजवून टाकू. फाईल ज्या सॉफ्टवेअरनं बनवली त्याच सॉफ्टवेअरमध्ये परत आणली तर ते स्वतःचा टॅग स्वतः वाचतं. समजा एक्सपोर्ट फुलमध्ये झालं आणि फाईलवर फुल असा टॅग बसला, तर टाइमलाईनवर ती सरळच दिसणार. पण पार्टीच्या टीव्हीनं टॅगकडं बघितलंच नाही तर तिथं कोटाच्या घड्या बुडणार. म्हणून स्कोपच्या जोडीला मिडियाइन्फो या फाईलचे टॅग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही फाईल उघडून बघा. फुकट आहे. त्यात कलर रेंज 'लिमिटेड' आणि खाली प्रायमरीज (रंगांचं माप), ट्रान्स्फर (उजेडाचे आकडे), मॅट्रिक्स (रंगाचं गणित) तिन्ही 'बीटी.७०९' दिसले पाहिजेत.


रंगसंगती

ही फट खरी आहे, मान्य. दोन्ही करा.

मॅकचं. बीटी.७०९ मध्ये कॅमेऱ्यानं उजेडाचे आकडे कसे करायचे ते लिहिलंय. पडद्यानं ते परत उजेडात कसे आणायचे, हे २०११ च्या बीटी.१८८६ मध्ये आलं, आणि तो गॅमा २.४ च्या आसपास. टीव्हीसाठी काम करणारे २.४ वर ग्रेड करतात, म्हणजे रंग बसवतात. मॅकमध्ये रंग सांभाळणारं ॲपलचं कलरसिंक मात्र ७०९ चा टॅग बघून साधारण १.९६ धरतं. गॅमा कमी म्हणजे मधले टोन उजळ. काळा-पांढरा हलत नाही, म्हणून भावाला कोट काळा दिसला आणि तोंडं पावडर लावल्यासारखी. त्यानं हीच फाईल मॅकवरच व्हीएलसीमध्ये लावली तर जवळपास तुमच्यासारखी दिसेल.

दाविंचीत डिलिव्हर करताना गॅमा टॅगमध्ये 'रेक.७०९-ए' असा पर्याय आहे (रेक. म्हणजे हेच बीटी.). तो मॅकवर काम करणाऱ्यांच्या सोयीचा. तुम्ही विंडोजवर आहात, त्यात पडू नका. मी तर म्हणेन काहीच करू नका. एका प्लेअरसाठी ग्रेड बदलली तर उरलेल्या सगळीकडं गडद होईल.


सीताफळ (बीड)

नवरीच्या भावाला म्हणावं सफरचंद सोड, सीताफळ खा.

विनोद राहू द्या, पण रंगसंगती सर, तुमच्या 'काहीच करू नका'ला माझी हरकत आहे. मी रीलचीच कामं करतो. माझं गिऱ्हाईक टीव्ही लावतच नाही, फोनवर बघतं, त्यातही नवरीकडचे निम्मे आयफोनवाले. त्यांना २.४ चं शास्त्र सांगून उपयोग काय? मी २.४ सोडून २.२ वर ग्रेड करतो, मॉनिटर २.२ वर ठेवतो. मॅकवर थोडं उजळ दिसतं, टीव्हीवर थोडं गडद दिसतं, पण कुणीच फोन करत नाही.


रंगसंगती

सीताफळ, रीलपुरतं मान्य. तीन तासांची फिल्म घरच्या मोठ्या टीव्हीवर आजीआजोबांसकट बघितली जाते, तिथं मी २.४ सोडणार नाही. दिवसा उजेडाच्या खोलीत बसून ग्रेड करणार असाल तर २.२ च बरा. अंधाऱ्या खोलीसाठी २.४ आहे.


सीताफळ

आमच्याकडं अंधारी खोली महावितरणच्या कृपेनं मिळते, पण तेव्हा कॉम्प्युटरही बंद असतो.


गोदाकाठचा

मिडियाइन्फोत बघितलं. लिमिटेड, आणि तिन्ही बीटी.७०९. भावाला व्हीएलसी टाकायला लावलं, त्याचं समाधान झालं. आता करवल्यांचे शॉट तेवढे राहिले.


रंगसंगती

हो, ते उधार होतं.

२०२० च्या आयफोन १२ पासून कॅमेरा एचडीआर व्हिडिओ काढतो. आतमध्ये एचएलजी हा एचडीआरचा प्रकार असतो, तो बीबीसी आणि जपानच्या एनएचकेनं मिळून बनवलेला, २०१६ ला बीटी.२१०० मध्ये प्रमाण झाला. त्याचे रंग बीटी.२०२० च्या मोठ्या मापात लिहिलेले असतात. मोठ्या मापात लालाचा समजा ७० वा आकडा म्हणजे बराच गडद लाल. तोच ७० तुमच्या टाइमलाईननं ७०९ च्या लहान मापात वाचला तर तो साधा लाल होतो. सगळ्या रंगांचं असंच होतं आणि चित्र मेल्यासारखं दिसतं. मापाची बदली केल्याशिवाय सॅच्युरेशननं ते नीट होत नाही, कारण प्रत्येक रंग सारखा घसरलेला नसतो.

दाविंचीत त्या क्लिपवर कलर स्पेस ट्रान्स्फॉर्म इफेक्ट टाका. इनपुट कलर स्पेस रेक.२०२०, इनपुट गॅमा रेक.२१०० एचएलजी, आउटपुट रेक.७०९ आणि गॅमा २.४. खाली टोन मॅपिंग (जास्तीचा उजेड आवरून बसवणं) दाविंची ठेवा, नाहीतर मांडवातल्या एलईडीच्या माळा फाटतील. बाकी ग्रेडिंग त्याच्या पुढच्या नोडवर.

पण आधी मिडियाइन्फोत बघा की त्या क्लिप अजून एचएलजी आहेत का. करवल्यांनी त्या कशा पाठवल्या?


गोदाकाठचा

कशा म्हणजे? व्हॉट्सॲपवर.


रंगसंगती

मग आधी मूळ फाईल मागवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो परत दाबला जातो आणि रंगांचे टॅग टिकतील याची खात्री नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ केबलनं घ्या.

पुढच्या लग्नात करवल्यांना आधीच सांगून ठेवा: सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथं एचडीआर व्हिडिओ बंद.


जालना_ड्रोन

करवलीला लग्नाच्या दिवशी फोनचं सेटिंग सांगायला जाणार कोण? मी येतो.


चिंचेचं_बोटूक

या की. आम्ही बहिणी चौघी असतो, चौघींच्या हातात फोन आणि वर मामा दारातच बसलेला असतो.


तिरपागडा

अवांतर, पण सांगायचं राहिलं. परवा नांदेडला एका मंगल कार्यालयात रात्रीच्या रिसेप्शनला एलईडी वॉलवर प्री-वेडिंग लावलं होतं. काळा स्क्रीन आला की अख्खी वॉल राखाडी उजळायची, स्टेजवरचे लोक त्यात न्हाऊन निघत होते. वॉलवाल्याच्या लॅपटॉपवर जाऊन ग्राफिक कार्डाची आउटपुट रेंज बघितली तर लिमिटेड. लॅपटॉप वॉलच्या प्रोसेसरला टीव्ही समजत होता. फुल केल्यावर काळा एकदम विझला. वॉलवाला म्हणाला, 'सर, लाईट गेली काय?'

म्हणजे माझा एचडीएमआयचा मुद्दा अगदीच वाया गेला नाही, मिरचीराव.


दख्खनी_मिरची

नाही गेला. तिथं पूर्ण पडदा भुरकट होता, म्हणून पहिलं, सगळ्या पडद्याचं पान लागू पडलं. गोदाकाठच्यांच्यात फक्त प्लेअर भुरकट होता, म्हणून दुसरं, व्हिडिओचं.


गोदाकाठचा

एका करवलीकडून केबलनं मूळ फाईल आणल्या. इफेक्ट टाकल्याबरोबर हळदीच्या पाटावरचं पाणीसुद्धा पिवळं दिसायलंय, आमच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या शॉटच्या बाजूला ठेवले तर जोड कळत नाही. एका शॉटमध्ये नवरीच्या मागची खिडकी जळालेली आहे, ती मूळचीच तशी, सोडून दिली. दुसऱ्या करवलीनं फोन बदललाय, तिचे शॉट व्हॉट्सॲपवालेच वापरावे लागणार. ते ब्लॅक अँड व्हाईट करून टाकतो.


सीताफळ

तेच सिनेमॅटिक. पाच हजार घ्या.


नुसता_वाचक

शेवटचा एक प्रश्न. माझी फाईल मिडियाइन्फोत उघडली तर कलर रेंज हा रकानाच नाही. प्रायमरीज वगैरेही काही नाही. मग फाईल बरोबर समजायची का चूक?


दख्खनी_मिरची

चूक म्हणता येणार नाही, पण अंदाजावर सोडलेली आहे. रेंज लिहिलेली नसेल तर बहुतेक प्लेअर लिमिटेड धरतात. रंगाचं मॅट्रिक्स लिहिलेलं नसेल तर कितीतरी प्लेअर फ्रेमची उंची बघून ठरवतात: एसडी (जुनी लहान फ्रेम) असेल तर ६०१, एचडी असेल तर ७०९. म्हणून जुन्या सीडीतलं लग्न मोठं करून एचडीत काढलं की त्वचेचा रंग जरा सरकतो. तुम्ही कशात एडिट करता, ते आणि त्याची आवृत्ती सांगा, टॅग कुठून लिहायचे ते बघू.


नुसता_वाचक

फोनवरच करतो. ॲपचं नाव घरी जाऊन सांगतो, पोरानं टाकून दिलंय.